खर्ड्याच्या मोहिमेतील पाण्याचा प्रश्न

मराठे व निजाम यांच्यामध्ये 11 मार्च 1795 रोजी झालेली खर्ड्याची लढाई मराठी वाचकांस अपरिचित नाही. शालेय पुस्तकांपासून बखरींपर्यंत तिचे वर्णन बहुधा एकाच ठशाचे आढळते. पेशव्यांच्या जरीपटक्याखाली सर्व मराठे सरदार शेवटचे एकत्र आले, हैदराबादच्या दरबारात नाना फडणिसांचे सोंग काढून त्यांची टवाळी करण्यात आली होती तिचे उट्टे निघाले, मुशीर-उल्-मुल्क हा दिवाण पुण्यास कैदेत आला आणि कोट्यवधी रुपयांचा तह झाला, एवढी हकीकत सांगितली की लढाईचे प्रकरण आटोपते. प्रत्यक्ष लढाई कशी झाली, ती ज्या जमिनीवर झाली ती जमीन कशी होती, लाख-लाख माणसांच्या दोन छावण्या ऐन फाल्गुनात त्या जमिनीवर कशा जगत होत्या आणि सेनापतींनी घेतलेल्या निर्णयांचा या जगण्याशी संबंध काय होता, या प्रश्नांकडे मात्र क्वचितच लक्ष गेलेले दिसते. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एकाच प्रश्नाचा, म्हणजे पाण्याचा, विचार करावयाचा आहे. तो क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण या लढाईचा निकाल ज्या घटनेने लागला ती घटना एका ओढ्यावर, पाण्याच्या शोधात निघालेल्या थोड्या स्वारांमुळे घडली, हे ध्यानी घेतले म्हणजे तो तसा राहत नाही.

प्रथम भूमीची ओळख करून घेणे इष्ट होय. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात नांदूरघाट नावाचे गाव आहे. ते बालाघाटाच्या पठारी प्रदेशात मोडते. त्याच्या दक्षिणेस काही कोसांवर मांजरा नदी वाहते. ही नदी पाटोद्याकडील डोंगरात उगम पावून आग्नेयीकडे बिदरच्या बाजूस जाते व पुढे गोदावरीस मिळते. याच डोंगररांगेच्या दक्षिण उतारावरचे पाणी मात्र सीनेकडे, म्हणजे भीमेच्या खोऱ्यात उतरते. खर्डा हे गाव या दुसऱ्या उतारावर, आजच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात आहे. तेव्हा बिदरहून पुण्याकडे येणाऱ्या सैन्यास मांजरेच्या काठाकाठाने वर चढत यावयाचे, नदीच्या उगमाजवळ तिची सोबत सोडावयाची आणि मोहरीच्या घाटाने रांग ओलांडून खर्ड्याकडे उतरावयाचे, असा मार्ग निसर्गानेच आखून दिलेला होता. नकाशात ही वाट सरळ व सोयीची दिसते. परंतु जो सेनापती उन्हाळ्याच्या तोंडाशी नदी सोडून पाणलोट ओलांडतो, तो एका पाण्याची खात्री मागे टाकून दुसऱ्या पाण्याची केवळ आशा बाळगून पुढे जात असतो.

हा सर्व प्रदेश काळ्या दगडाचा. या दगडात पाणी साठते ते केवळ भेगांमधून व सांध्यांमधून. म्हणून येथील विहिरी खोल असतात आणि एकाच गावात एका विहिरीस पाणी असावे व शंभर पावलांवरची कोरडी पडावी, हा अनुभव नेहमीचा आहे. पाऊस मुळात बेताचा, आणि तोही लहरी. बीड शहराजवळ सोळाव्या शतकात बांधलेली खजाना विहीर आणि तिचे भूमिगत पाट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस येथील राज्यकर्त्यांनी पाण्याची चिंता किती पूर्वीपासून वाहिली होती हे सांगावयास नको. मांजरेवर केज तालुक्यात धनेगाव येथे धरण झाले ते विसाव्या शतकात. अठराव्या शतकात फाल्गुन महिना लागला की ओढे आटत, नदीच्या वाळूत झिरे खणावे लागत, आणि जनावरे डोहांवर नेऊन पाजावी लागत. एका गावाच्या गुरांस जे पाणी पुरते ते सैन्याच्या घोड्यांस एका प्रहरात संपून जाई.

हे सैन्य केवढे होते? ग्रँट डफ याने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात मराठ्यांकडील घोडदळ व पायदळ मिळून सुमारे 1,30,000 आणि त्यावर पेंढारी 10,000 असा आकडा दिला आहे. निजामअलीचे सैन्यही त्याच्या मते लाखाच्या वर होते. असे आकडे जसेच्या तसे स्वीकारणे धोक्याचे असते, हे खरे. तथापि ते निम्म्याने कमी केले तरी प्रश्न सुटत नाही. घोड्यास दिवसाकाठी सरासरी 30 लिटर पाणी लागते असे धरले, तर 50,000 घोड्यांस रोज 15,00,000 लिटर पाणी हवे. यात माणसे नाहीत, तोफा ओढणारे बैल नाहीत, डेरेदांड्यांचे उंट नाहीत आणि हत्तीही नाहीत. शिवाय लढणाऱ्या माणसामागे न लढणारी माणसे किती असत याचा हिशेब वेगळाच. मराठी कागदपत्रांत ज्यांस बुणगे किंवा बाजारबुणगे म्हटले आहे ते सराफ, वाणी, तेली, लोहार, नालबंद, गवत कापणारे, भिस्ती, आचारी आणि त्यांचे कुटुंबकबिले, हे सर्व छावणीबरोबर चालत. लष्कर म्हणजे एक चालते शहरच असे. फरक इतकाच की या शहराखाली विहिरी नसत.

धान्याची गोष्ट पाण्याहून थोडी निराळी होती. धान्य दूरवरून आणता येई. वंजारी व लमाण यांचे बैलांचे तांडे हा त्या काळच्या सर्व दख्खनी सैन्यांचा आधार होता. बीड, केज, पाटोदा या भागांत आज शेती करून राहणाऱ्या वंजारी समाजाच्या पूर्वजांचा धंदा धान्याची व मिठाची वाहतूक हाच होता. तांडा दोन्ही सैन्यांस विकत असे, आणि शहाणा सेनापती तांड्यास कधी लुटीत नसे. वैरणीसाठी रोज सकाळी कही बाहेर पडे, म्हणजे घोडेस्वारांच्या पहाऱ्यात गवत-कडबा आणण्यास लोक जात. मुक्काम दोन-चार दिवस एके ठिकाणी राहिला की जवळची वैरण संपे आणि कही अधिकाधिक दूर जाऊ लागे. सैन्य नांदूरघाटातूनच गेले असे येथे म्हणावयाचे नाही. पण मांजरेच्या काठाने लाखाचा जमाव चालला असता नदीपासून काही कोसांवर असलेल्या गावांच्या गंज्या आणि आड त्याच्या आटोक्यात येत, हे त्या काळच्या युद्धपद्धतीवरून उघड आहे. या मुलखावर निजामाचा अंमल आणि मराठ्यांची चौथाई असे दुहेरी ओझे वर्षानुवर्षे होते. ज्या थकबाकीपायी हे युद्ध उभे राहिले ती अडीच कोटींहून अधिक थकबाकी याच हक्कांची होती. सारांश, युद्धाचे कारणही या रयतेच्या शेतात होते आणि युद्धाचा खर्चही तिच्याच शेतातून वसूल होत होता. धान्य आणि वैरण दूरवरून आणता येते; पाणी मात्र पखालीत भरून किती नेणार? बैलावरची एक पखाल चार-पाच घोड्यांस जेमतेम पुरते. म्हणून पाणी जेथे असेल तेथे सैन्याने गेले पाहिजे, आणि पाणी आहे ती जागा शत्रूच्या हाती पडू देता कामा नये, हा दख्खनमधील सेनापतित्वाचा पहिला धडा होय.

हा धडा बीड जिल्ह्यातच बत्तीस वर्षांपूर्वी दुसऱ्या रीतीने शिकविला गेला होता. 10 ऑगस्ट 1763 रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे याच निजामअलीचा मोठा पराभव झाला. तेथे पाणी कमी नव्हते, फार होते. पावसाळ्यात नदी भरलेली. निजामअली स्वतः काही सैन्यासह उत्तर तीरावर गेलेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेले सैन्य घेऊन दक्षिण तीरावर राहिलेला, अशा अवस्थेत मराठ्यांनी त्यास गाठले. धनी पलीकडच्या तीरावरून आपल्या दिवाणाचा नाश पाहत राहिला. त्यास काहीही करता आले नाही. विठ्ठल सुंदर मारला गेला. त्या लढाईत अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी, शत्रूच्या गराड्यात सापडलेल्या आपल्या चुलत्यास सोडवून आणले आणि त्यांच्या सेनापतित्वाची साऱ्यांस ओळख पटली. निजामअलीच्या आयुष्यातील दोन मोठे पराभव एकमेकांपासून फार दूर नसलेल्या दोन ठिकाणी झाले आणि दोन्ही वेळा त्याच्या सैन्याचा घात पाण्याच्या संबंधात झाला, ही गोष्ट केवळ योगायोगाची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. साठी ओलांडलेल्या या राज्यकर्त्याने मुत्सद्देगिरीत दीर्घ अनुभव मिळविला होता. रणांगणाची जमीन वाचण्याचे कसब मात्र त्यास कधीच साधले नाही.

आता 1795 च्या मोहिमेकडे वळू. महादजी शिंदे 12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडी येथे वारले होते. हरिपंत फडके हेही त्याच वर्षी निवर्तले. दोन अनुभवी सेनानी अशा रीतीने एकाच वर्षात गेल्यामुळे मराठ्यांकडे आता मोहीम चालविण्यास कोणी उरले नाही, अशी हैदराबादेत समजूत झाली असल्यास नवल नाही. दौलतराव शिंदे पंधरा-सोळा वर्षांचे, सवाई माधवराव पेशवे वीस वर्षांचे, तुकोजी होळकर वृद्ध. नाना फडणीस स्वतः लढवय्ये नव्हते आणि त्यांनी तसा आव कधी आणलाही नाही. पण या मोहिमेत त्यांनी जे केले ते सेनापतित्वाच्या अभ्यासकाने नीट पाहावे असे आहे. त्यांनी मुख्य मुख्य सरदारांचा सल्ला वेगवेगळा घेतला. शिंद्यांकडील जिवबादादा बक्षी आणि तुकोजी होळकर यांच्या मताकडे त्यांचा विशेष कल होता असे ग्रँट डफ म्हणतो. आणि सर्व सैन्याचे आधिपत्य परशुरामभाऊ पटवर्धन यांस दिले. ज्या सरदारांमध्ये परस्परांविषयी मत्सर आहे त्यांस एके ठिकाणी बसवून मसलत केली म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याचे मत खोडण्यासाठी आपले मत देतो. ते वेगवेगळे विचारले म्हणजे युद्धाविषयीचे मत मिळते. हा भेद नानांस पक्का ठाऊक होता. शिंदे आणि होळकर यांच्यात तर दोनच वर्षांपूर्वी, 1793 साली लाखेरी येथे प्रत्यक्ष लढाई होऊन होळकरांचा मोड झालेला होता. त्या दोघांच्या फौजा एका निशाणाखाली आणून ठेवणे, हे खर्ड्याच्या मैदानावर झालेल्या कोणत्याही हालचालीपेक्षा अवघड काम होते.

निजामअली प्रथम बाहेर पडला. बिदरहून मांजरेच्या काठाने तो सावकाश येत होता. सावकाश येण्याचे एक कारण त्याचा जनानखाना. दुसरे कारण त्याच्या सैन्याचा ठेका निरनिराळा होता, हे होय. मुसा रेमंड या फ्रेंच सरदाराच्या कवायती पलटणी, कर्नूळ व एलिचपूर येथील पठाण घोडेस्वार, असद अलीखानाची फौज, जहागीरदारांचे शिबंदी लोक, या सर्वांस एका चालीने चालविणे कठीण होते. इंग्रजांनी या युद्धात तटस्थ राहावयाचे ठरविले होते. गव्हर्नर-जनरल सर जॉन शोअर याने निजामास मदत नाकारली आणि निजामाकडे नोकरीस दिलेल्या इंग्रजी पलटणींस या लढाईपासून दूर ठेवण्यात आले. पेशव्यांचे सैन्य पुण्याहून निघून भीमा व सीना यांच्या खोऱ्यांतून आले. दोन्ही बाजूंच्या मार्गांची तुलना केली असता एक गोष्ट ध्यानात येते. मराठे आपल्या पाण्यावर होते. त्यांच्या पाठीशी सीना-भीमेचे पात्र होते. निजाम मोहरीचा घाट उतरला तेव्हा मांजरा त्याच्या पाठीमागे, डोंगरापलीकडे राहिली.

घाट उतरताना बाबा फडके यांच्या हाताखालच्या मराठ्यांनी त्यावर हल्ला केला. तो परतविण्यात आला आणि या लहानशा यशाचा मुशीर-उल्-मुल्काच्या छावणीत मोठा गाजावाजा झाला. यानंतर निजामअली खर्ड्याहून परांड्याच्या रोखाने निघाला असता मुख्य लढाई जुंपली. लढाईच्या प्रारंभीच मराठ्यांवर मोठा प्रसंग ओढवला. परशुरामभाऊ थोड्या लोकांनिशी जमीन पाहण्यास पुढे गेले असता पठाणांच्या टोळीने त्यांस गाठले. लालखान नावाच्या बलुची सरदाराने भाऊंस घोड्यावरून पाडून जखमी केले. भाऊंच्या पुत्राने त्यास तेथल्या तेथे ठार केले म्हणून भाऊंचा जीव वाचला. सरसेनापतीने स्वतः टेहळणीस जावे की न जावे, हा वाद जुना आहे. भाऊंचे वर्तन शौर्याचे होते यात शंका नाही. परंतु सव्वा लाख फौजेची सूत्रे ज्याच्या हाती आहेत त्याने मूठभर स्वारांसह शत्रूच्या आघाडीत शिरणे हे सेनापतीचे नव्हे तर बिनीवाल्याचे काम होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो वार दोन बोटे इकडेतिकडे झाला असता तर खर्ड्याचा इतिहास कदाचित निराळा लिहावा लागला असता.

पठाणांच्या या चढाईने मराठ्यांची आघाडी विस्कळीत झाली होती. ती सावरली दोघांनी. रघूजी भोसल्यांच्या लोकांनी येणाऱ्या घोडदळावर बाणांचा वर्षाव केला आणि त्याच वेळी शिंद्यांच्या कंपूंचा अधिकारी पेरॉन याने एका उंचवट्यावर मांडलेल्या तोफांचा मारा सुरू केला. ग्रँट डफ या तोफांची संख्या 35 देतो. बाणांनी घोडी बुजली, तोफांनी रांगा फुटल्या आणि निजामाचे घोडदळ मागे फिरले. रेमंडच्या पलटणी मात्र डगमगल्या नव्हत्या. त्या पेरॉनच्या पलटणींसमोर टिकून होत्या. दोन फ्रेंच, एक शिंद्यांचा व एक निजामाचा चाकर, दख्खनच्या माळावर एकमेकांवर तोफा डागीत होते, हे दृश्य त्या काळच्या लष्करी व्यवहारावर पुष्कळ प्रकाश टाकते. रेमंडचा नाइलाज झाला तो आपल्या धन्यापुढे. निजामअलीने त्यास परत बोलाविले आणि सायंकाळ होता होता निजामाचे सर्व सैन्य खर्ड्याकडे सरकू लागले. येथपर्यंत पाहिले तर ही लढाई अनिर्णीतच होती. मराठ्यांचे पारडे जड झाले होते एवढेच.

रात्री जे घडले ते याहून महत्त्वाचे आहे. मराठ्यांची एक लहानशी फिरती टोळी आपल्या घोड्यांस पाणी पाजण्यासाठी पाण्याचा शोध करीत करीत एका ओढ्यावर आली. त्याच ओढ्याशी निजामाचे काही लोक पडलेले होते. त्यांनी मराठ्यांस ओळखले आणि बंदुका झाडल्या. जवळच रेमंडचे पहारेकरी होते. त्यांनीही बार काढले. रेमंडच्या पलटणी त्या रात्री बंदुका भरून ओळीने पडल्या होत्या. बार ऐकताच साऱ्या ओळीने, समोर कोण आहे हे न पाहता, बंदुका झाडल्या. या भडिमाराने छावणीत अशी समजूत पसरली की मराठ्यांचे सारे सैन्य चालून आले. निजामअलीने घाबरून खर्ड्याच्या गढीचा आश्रय केला आणि धनी निघाला हे पाहताच ज्यास जी वाट सापडली तो त्या वाटेने पळाला. सकाळी उजाडल्यावर मराठ्यांस तोफा, दारूगोळा, डेरे, सामान अस्ताव्यस्त पडलेले दिसले. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे निजामाजवळ त्याच्या सैन्याचा दशांश तेवढा उरला होता.

ही रात्र फाल्गुन वद्य पक्षातील होती. तिथी पंचमी-षष्ठीच्या आसपासची, म्हणजे चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवणारा. रात्रीचा पहिला अर्धा भाग पूर्ण अंधाराचा. अशा अंधारात, दिवसभर लढून तहानलेली दोन सैन्ये एकाच ओढ्याच्या दोन बाजूंस आली, तर चकमक होणे अटळ होते. प्रश्न एवढाच की ती चकमक दहा-वीस माणसांपुरती का राहिली नाही? याचे उत्तर भित्रेपणा या एका शब्दाने देण्याची आपली चाल आहे. ते पुरेसे नाही. ज्या पलटणी दिवसा पेरॉनच्या तोफांपुढे उभ्या राहिल्या त्याच रात्री भित्र्या कशा झाल्या? माघार घेणाऱ्या सैन्याची व्यवस्था हा सेनापतित्वाचा सर्वांत कठीण भाग आहे. चंदावल, म्हणजे पिछाडी, कोणी सांभाळावयाची, पाणवठा कोणाकडे, पुढच्या चौक्या कोठे, रात्रीची खूण काय, बार ऐकल्यास कोणी हलावयाचे व कोणी जागेवर राहावयाचे, हे सर्व सूर्यास्तापूर्वी ठरवावे लागते. ओढ्याशी पडलेले लोक आणि रेमंडचे पहारेकरी यांच्यामध्ये असा काही संकेत नव्हता, हे परिणामावरून दिसते. पाण्याजवळ जाऊन पडणे ही तहानलेल्या शिपायाची स्वाभाविक ओढ. तिला शिस्त लावणे हे वरच्या अधिकाऱ्याचे काम. ते झाले नाही. उलट निजामअली स्वतः जागेवर राहिला असता तरी ही धांदल तासाभरात निवली असती. दख्खनी सैन्यात शिपायाचे लक्ष धन्याच्या हत्तीकडे असते. हत्ती वळला म्हणजे लढाई संपली, असा शिरस्ताच होता.

याच बाबतीत दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मराठ्यांच्या स्वारांस अंधारात पाणी शोधीत हिंडावे लागले, यावरून त्यांच्याकडेही पाणवठ्याची व्यवस्था नीट नव्हती असे म्हणणे भाग आहे. विजय मिळाला म्हणून ही उणीव झाकली गेली. जो प्रकार निजामाच्या सैन्यात झाला तो मराठ्यांच्या सैन्यात होऊ शकला असता. परशुरामभाऊ जखमी होऊन पडल्यानंतर सर्व फौजेवर एकछत्री हुकूम चालविणारा कोण होता, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. लढाई सावरण्याचे श्रेय जिवबादादा बक्षी यांस पुष्कळांनी दिले आहे व ते योग्यच आहे. गोमंतकातील पेडणे महालातून उत्तर हिंदुस्थानात जाऊन शिंद्यांच्या फौजेचे बक्षी झालेल्या या पुरुषाचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. खर्ड्यानंतर वर्षभराच्या आत, 1796 मध्ये ते वारले.

निजामाच्या पराभवाचे खापर जनानखान्यावर फोडण्याचीही एक परंपरा आहे. तोफांच्या आवाजाने बेगमा घाबरल्या, एका बेगमेने पडद्याबाहेर येण्याची धमकी दिली आणि त्यामुळे निजामअली गढीकडे वळला, अशी कथा सांगण्यात येते. ती खरी असो वा नसो, ती सांगणारे लोक याच सैन्यातील दुसऱ्या एका गोष्टीचा उल्लेख करीत नाहीत. निजामअलीच्या जनान्याच्या रक्षणासाठी स्त्रियांच्या कवायती पलटणी होत्या. त्यांस जफर पलटण म्हणत. बंदुका धारण करणाऱ्या या स्त्रिया मामा बरून व मामा चंपा या दोन स्त्रियांच्या हाताखाली होत्या आणि त्या खर्ड्याच्या मोहिमेत हजर होत्या. बाकीच्या सैन्यापेक्षा त्यांचे वर्तन कोणत्याही प्रकारे हीन नव्हते, असा समकालीनांचा अभिप्राय आहे. ज्या रात्री नऊ-दशांश पुरुष सैन्य पांगले, त्या रात्रीचे खापर स्त्रियांच्या घाबरटपणावर फोडणे हा इतिहासलेखनातील एक सोयीस्कर अन्याय होय. लष्करी इतिहासाची आपली पुस्तके अजून या पलटणींस दोन ओळीही देत नाहीत.

खर्ड्याची गढी निंबाळकरांची. तिचे तट दगडी व मजबूत आहेत. परंतु ती एका सरदाराच्या कुटुंबासाठी व त्याच्या शिबंदीसाठी बांधलेली, राज्यकर्त्याच्या सबंध छावणीसाठी नव्हे. भोवती बहुतेक बाजूंनी टेकड्या आहेत आणि त्यांवर तोफा चढल्या की आतील माणसे माऱ्यात येतात. मराठ्यांनी तेच केले. गढीच्या आतले पाणी शेदोनशे माणसांस पुरणारे. त्यावर हजारो माणसे आणि जनावरे येऊन पडली. बाहेरचा ओढा मराठ्यांच्या ताब्यात होता. अशा जागी भिंतीची जाडी निरुपयोगी ठरते. दोन दिवसांच्या माऱ्यानंतर निजामअलीने तहाचे बोलणे लावले. मुशीर-उल्-मुल्कास स्वाधीन करावे ही मराठ्यांची पहिली अट होती. ती त्यास अत्यंत अपमानाची वाटली, पण मार्च महिना संपण्यापूर्वी ती मान्य करावी लागली. थकबाकी व खर्च यांपोटी तीन कोटी रुपये, परांड्यापासून तापीपर्यंतच्या सरहद्दीवरचा मुलूख व दौलताबादचा किल्ला देण्याचेही त्याने कबूल केले. रणांगणावर पडलेल्या माणसांची संख्या दोन्ही सैन्यांच्या मानाने अत्यल्प होती. तरुण पेशव्यांस या विजयाचा फारसा आनंद झाला नाही. शत्रूने इतक्या सहज हार खावी आणि आपल्या लोकांनी त्याचा इतका डौल मिरवावा, याचे त्यांस वाईट वाटले, अशी आख्यायिका ग्रँट डफने नोंदविली आहे.

या मोहिमेचा तपशीलवार अभ्यास करू इच्छिणाऱ्यास पटवर्धनी दप्तरासारखे साधन नाही. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपाने ते बाहेर आणले आणि त्यामुळे छावणीतील कारकुनांची रोजची पत्रे आपणांस वाचावयास मिळतात. अशा पत्रांचे महत्त्व लढाईच्या वर्णनाहून वेगळ्या कारणासाठी आहे. मुक्काम कोठे पडला, तेथे पाणी कसे आहे, वैरण मिळते की नाही, धारण काय, घोडी किती मेली, या गोष्टी पत्र लिहिणारा कारकून सहज लिहून जातो, कारण त्याच्या दृष्टीने त्याच मोठ्या बातम्या असतात. बखरकार त्या गाळतो. आपण आजवर बहुधा बखरकाराच्या बाजूने वाचीत आलो. प्रत्येक मुक्काम नकाशावर मांडून, त्याच्या शेजारी नदी-ओढ्यांची स्थिती व तिथी लिहून काढली, तर मांजरेपासून खर्ड्यापर्यंतच्या या वाटचालीचे चित्र कितीतरी स्पष्ट होईल. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांस हे काम स्थानिक माहितीच्या बळावर करता येण्यासारखे आहे. गावोगावचे जुने आड, बारवा व पाणवठे यांची माहिती त्यांस दूर शोधावी लागणार नाही.

तहाचे पुढे जे झाले ते सर्वश्रुत आहे. सवाई माधवराव त्याच वर्षी 27 ऑक्टोबर 1795 रोजी वारले, पुण्यात वारशाचे कारस्थान माजले आणि कैदेत असलेल्या मुशीर-उल्-मुल्काने त्या संधीचा उपयोग करून नाना फडणिसांशीच संधान बांधले. 8 ऑक्टोबर 1796 च्या महाडच्या तहाने खर्ड्याला मिळविलेले बहुतेक सर्व परत करण्याचे ठरले आणि दिवाण सन्मानाने हैदराबादेस गेला. परशुरामभाऊ 1799 मध्ये कोल्हापूरकरांशी लढताना पडले. रेमंड 25 मार्च 1798 रोजी हैदराबादेस मरण पावला. त्याची कबर तेथे आहे आणि लोक त्यास मुसाराम या नावाने ओळखत. इंग्रजांनी मदत नाकारल्याचा राग मनात धरून निजामअलीने त्यांच्या पलटणींस आधी रजा दिली होती. तोच पुढे 1 सप्टेंबर 1798 च्या तहाने त्यांची तैनाती फौज स्वीकारून बसला. त्या तहाची एक अट फ्रेंच पलटणी मोडण्याची होती. खर्ड्याच्या मैदानावर पेरॉनच्या तोफांपुढे न हटलेल्या या पलटणींनी थकलेल्या पगारासाठी आपल्याच अधिकाऱ्यांस अटकेत ठेवले असता, ऑक्टोबर 1798 मध्ये इंग्रजांनी त्यांस हैदराबादेजवळ वेढले आणि लढाई न होता त्यांची शस्त्रे उतरवून घेतली.